एकाला एकच मत

आमच्या घरात दुपारी कुणी झोपत नसे. झोपायची सोयच नव्हती. मोगऱ्याच्या कळ्या सकाळी ऊन चढायच्या आत खुडलेल्या असत, ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाशेजारी ठेवलेल्या असत, आणि चारच्या आत त्यांचे गजरे होऊन काकांच्या टेम्पोत जायला हवेत. संध्याकाळी देवळांसमोर टोपल्या मांडून बसणाऱ्या बायका त्या टेम्पोची वाट बघत असायच्या. आमचा मळा नाशिकच्या कडेला, मखमलाबादच्या अंगाला होता. घरापुढे पत्र्याची शेड होती आणि तिच्यावर आईनं गोणपाट टाकून ते भिजवत ठेवलेलं असे, म्हणून उन्हाळ्यातसुद्धा खाली बसवत असे. विहिरीवरची मोटर लाईट असेपर्यंत एकसुरात चालायची आणि लाईट गेली की एकदम इतकं शांत व्हायचं, की केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, ओल्या दोऱ्याला गाठ बसतानाचा बारीकसा आवाजही ऐकू यायचा.

शेडमध्ये आम्ही चौघी असायचो. आई, काकू, मी आणि माझी धाकटी बहीण पिंकी. मी त्या वर्षी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, पिंकी नऊ वर्षांची होती. आईचा हात असा चालायचा, की ती दोऱ्याकडे बघतही नसे. सुनंदाकाकू तिच्या निम्म्यानंही गुंफत नसे, कारण तिचं तोंड जास्त चालायचं. काकू लग्नाआधी एक वर्ष वकिलीच्या कॉलेजात जाऊन आलेली होती. मग लग्न झालं, शिक्षण राहिलं आणि ती आमच्या मळ्यात आली. त्या एका वर्षातून तिनं दोन गोष्टी बरोबर आणल्या होत्या. एक म्हणजे कुठल्याही वाक्याला ‘परंतु’ लावायची सवय, आणि दुसरी म्हणजे तो खेळ.

कॉलेजातल्या एका सरांनी तो वर्गात शिकवला होता म्हणे. त्यात सोंगट्या नाहीत, पट नाही. आपली पाळी आली की नियम बदलायचा, हीच चाल. नवा नियम मांडायचा, नाहीतर जुना बदलायचा, नाहीतर खोडायचा. मग बाकीच्यांनी बोलायचं, भांडायचं आणि मत द्यायचं. मंजूर झाला तर पाच फोडलेले चिंचोके फेकायचे, जितके पांढरे पडतील तितके गुण. शंभर झाले की जिंकलं. अर्थात शंभरच का, हेही बदलता येत होतं. काकूनं एका वहीत पहिल्या पानावर चार पक्के नियम लिहून दिले. वहीत आहे ते सगळ्यांनी पाळायचं. पाळी आली की काहीतरी मांडायचंच. एकाला एकच मत. आणि कच्चा नियम बदलायला निम्म्याहून जास्त मतं पुरतील, पण पक्का नियम हलवायचा तर सगळ्यांचा होकार हवा, एकही नकार चालायचा नाही. बाकी सगळं कच्चं, म्हणजे आमच्या हातातलं.

तुम्हाला वाटेल याच्यात काय गंमत. आम्ही दोन महिने त्यापायी पागल होतो. पिंकीनं मांडलं, की ज्याच्या नावात जोडाक्षर आहे त्याचे दोन गुण वजा. त्यावर ‘पिंकी’मधला अनुस्वार म्हणजे जोडाक्षर होतं की नाही, याच्यावर अख्खी दुपार गेली. मी मांडलं, की ज्याचा प्रस्ताव पडेल त्यानं शिक्षा म्हणून हातभर गजरा जास्तीचा गुंफायचा. तो लगेच मंजूर झाला आणि पुढच्या आठवडाभर सगळ्यांत जास्त मलाच भोवला. आईचं खेळणं वेगळं होतं. ती शेवटी जो बोलेल त्याच्या बाजूनं मत द्यायची. “तुझं पण बरोबर हाय,” म्हणायची आणि पुढची कळी उचलायची. तिची पाळी आली की ती ‘कळ्या संपल्याबिगर उठायचं नाय’ असलं काहीतरी मांडायची, जे तसंही आम्ही पाळतच होतो. काकू तिला म्हणायची, “आक्का, तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते सांगा ना.” आई हसून म्हणायची, “मला काय वाटायचंय?”

अशात अण्णा पडले. अण्णा म्हणजे माझे वडील, घरातले कर्ते. मार्केटात टेम्पोवरून फुलांचा क्रेट उतरवताना ओल्या फळीवरून त्यांचा पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. अण्णा पहाटे घर सोडून जायचे ते दुपार टळल्यावर यायचे, जेवायचे, मळ्यात चक्कर मारायचे. दुपारी ते घरात असतात कसे, हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. आत उकडतं म्हणून त्यांची लोखंडी कॉट शेडमध्ये आणली, आणि आमच्या दुपारींच्या मधोमध अण्णा आडवे झाले.

पहिले तीन दिवस ते आढ्याकडे बघत ऐकत राहिले. मधूनच विचारायचे, “जिंकतंय कोण?” आम्ही म्हणायचो, अजून ठरायचंय. “मग हे चाललंय काय?” चौथ्या दिवशी पिंकीनं मांडलं, की लाईट गेली असेल तेव्हाचे गुण दुप्पट. तेव्हा कॉटवरून आवाज आला, “असं कसं? लाईट रोज याच टायमाला जाते. ज्याची पाळी त्या टायमाला येईल त्याचंच साधेल ना?” काकू गुंफता गुंफता थांबली. मुद्दा बरोबर होता. पिंकी म्हणाली, “अण्णा, तुम्ही खेळात नाही. तुम्हाला बोलता येत नाही.” अण्णांना या घरात ‘तुम्हाला बोलता येत नाही’ असं त्याआधी कुणी म्हटलं असेल असं मला वाटत नाही. ते म्हणाले, “मग घ्या मला खेळात.”

त्यांना घ्यावं की नाही, यावर मतदान झालं. काकू अवघडली होती. अण्णा तिचे थोरले दीर, त्यांच्यासमोर ती पदर डोक्यावरून घेऊन, खांबाच्या आडोशाला अर्धी पाठ करून बसायची. त्यांच्याशी समोरासमोर वाद घालायचा म्हणजे तिला फार होतं. आईच शेवटी म्हणाली, “येऊ दे गं. नायतर दिवसभर पाणी मागत बसतील.” अण्णा आले. पुढच्याच पाळीला पिंकीनं मांडलं, की सगळ्यांनी गोल करून, एकमेकांकडे तोंड करून, खाली बसायचं. त्याला पाय मोडलेल्या माणसाचा अपवाद जोडावा लागला. काकू जमिनीकडे बघत गप्प बसली होती. अण्णांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग प्लास्टरकडे पाहिलं आणि म्हणाले, “माझं मत हो. पाठीशी बोलायला मला बी कसंतरी होतं.” त्या दिवसापासून काकू त्यांच्या समोर बसली, आणि आठ दिवसांत तिचे ‘परंतु’ परत आले.

अण्णा फार वाईट खेळायचे. पहिल्या पाळीला त्यांनी माझ्याकडे बघत मांडलं, “वैशूनं चहा टाकायचा.” काकू म्हणाली, “अण्णा, हा नियम नाही. ही ऑर्डर झाली. नियम सगळ्यांना लागू पाहिजे.” त्यांनी बदलून मांडलं, “ज्याची पाळी असेल त्यानं सगळ्यांना चहा करायचा.” आम्ही पटकन हो म्हटलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की पाळी त्यांचीच आहे. त्यांचे प्रस्ताव एकामागून एक पडायचे, कारण ते कारण सांगत नसत. नुसतं सांगत. आणि प्रस्ताव पडला की हातभर गजरा. माझ्या बापानं तीस वर्षं फुलं विकली होती, पण गजरा गुंफला नव्हता. त्यांची जाड बोटं त्या दोऱ्यात अडकायची, कळ्यांची मान मोडायची. आई न बोलता त्यांच्या हातातून दोरा घ्यायची, दोन गाठी घालून दाखवायची, परत द्यायची. मे महिन्यात कुरडयांचा गहू भिजला आणि गरम चीक खायच्या दिवशी त्यांचा गजरा पहिल्यांदा सलग झाला. वाटीतल्या चिकावर तेल ओतून घेत ते तो गजरा उलटासुलटा करून बघत होते. आईनं तो डोक्यात घातला. टेम्पोत पाठवण्यासारखा तो नव्हताच.

त्याच सुमारास अण्णांच्या डोक्यात द्राक्षं होती. तेव्हा आमच्या सगळ्याच भागाच्या डोक्यात द्राक्षं होती. ओझरकडचे त्यांचे एक मित्र भेटायला आले, तासभर बोलत बसले, आणि ते गेल्यावर अण्णांनी काकांना सांगून टाकलं, “प्लास्टर निघालं की विहिरीखालचं मोगऱ्याचं रान मोकळं करू. तिथं द्राक्षाच्या मांडवाला अँगल उभे करायचे.” आई तेव्हा वाढत होती. मोगऱ्याचं ते रान म्हणजे आमची सकाळ आणि दुपार होती, काकू आणि आईचा सगळा एकत्र वेळ त्याच्यावर उभा होता. मी आईच्या तोंडाकडे पाहिलं. ती काकांना म्हणाली, “आमटी घालू का अजून?”

मग तो प्रस्ताव आला. अण्णांना एव्हाना खेळाची नस सापडली होती. एका दुपारी त्यांनी मांडलं, “एकाला एकच मत हा नियम काढा. घरात जो मोठा, त्याचं मत शेवटचं. त्यानं नाही म्हटलं की नाही.”

काकू म्हणाली, “तो पक्का नियम आहे, अण्णा. त्याला पाचही जणांचा होकार लागतो.”

“मग घेतो होकार,” अण्णा म्हणाले.

ती चर्चा चार दुपारी चालली. अण्णा पहिल्यांदाच कारणं सांगत होते, आणि चांगली सांगत होते. म्हणाले, “बैलगाडीचा कासरा दहा जणांनी धरला तर गाडी कुठं जाईल?”

“परंतु कासरा कुणी धरायचा हे तरी दहा जणांनी ठरवावं,” काकू म्हणाली.

“आणि दहा जणांचं चुकलं तर? नुकसान कोण सोसतं? जो मोठा तोच ना? मग ज्यानं सोसायचं त्याचं ऐकायचं.”

“सोसतात सगळेच, अण्णा. दिसतं एकाचं.”

 अण्णा म्हणाले, “तू वकिली पुरी करायला हवी होतीस,” आणि ते टोचून म्हटलेलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच मांडलं, वेगळ्या बाजूनं. पिंकीला त्यांनी सांगितलं, की तीसुद्धा कधीतरी घरात मोठी होईल. ती तेवढ्यावर फुटली. माझं सांगायला मला आजही बरं वाटत नाही. मला गावात कॉलेजला जायचं होतं, सायन्सला, आणि अण्णांनी त्याबद्दल अजून काही म्हटलं नव्हतं. इथं त्यांना खूश केलं तर तिथं सोपं जाईल, असा हिशेब मी मनाशी केला आणि चौथ्या दिवशी हो म्हटलं. काकूही हो म्हणाली. ती त्या दिवशी सकाळपासून गप्प होती. काकांनी तिला ‘अण्णांना कशाला नडतेस, आजारी माणूस आहे’ असं सुनावलं होतं, हे तिनं मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. म्हणजे खेळ जिनं आणला तीही त्या दिवशी बसली होती तिथून थोडी मागेच सरकली.

राहिली आई. आईचं मत आम्ही विचारणारही नव्हतो. वही माझ्याकडे होती आणि मी ‘मंजूर’मधला ‘मं’ लिहिलाही होता.

“माझं नाय,” आई म्हणाली.

तिचा हात चालूच होता. मला वाटलं, तिला कळलं नसेल. काकू म्हणाली, “आक्का, नाही म्हटलं तर पडतो हां प्रस्ताव. पक्का नियम आहे.”

“म्हाईत हाय मला. नाय.”

अण्णा कोपरावर उठून बसले. रागावले नव्हते, खरंच गोंधळले होते. “का गं? तुझं काय जातंय?”

आईनं हातातली गाठ पुरी केली, दोरा खाली ठेवला. “अहो, इथं तरी मला विचारावं लागतंय तुम्हाला. ते बी कशाला काढता?”

मोटर बंद होती. अण्णांनी एकदा माझ्याकडे, एकदा काकूकडे पाहिलं, जणू आमच्यापैकी कुणी हे वाक्य आईला शिकवलं असावं. काकूनं मान खाली घातली होती. मला वाटत होतं, आता अण्णा वही फेकून देतील आणि हा खेळ इथंच संपेल. मी ‘मं’ खोडला. आईनं उठून कळ्यांची परात कॉटच्या कडेला ठेवली, त्यांच्या हाताशी येईल अशी, आणि शेजारी भिजलेला दोरा ठेवला. प्रस्ताव पडला होता, हातभर गजरा लागू होता. ती जाऊन आपल्या जागी बसली. बराच वेळ अण्णा त्या परातीकडे बघत होते. मग त्यांनी दोरा उचलला.

हा मजकूर परवा मी आईला वाचून दाखवला. ती आता ऐंशीच्या आसपास आहे आणि माझ्याकडे असते. तिला हे मान्य नाही. “मी असं कधी बोलले? तुझ्या काकूचं काहीतरी मनात धरून बसलीस.” मी म्हटलं, मी तिथं होते. “असशील. पण मी त्यांना असं बोलणार नाय.” मग जरा वेळानं म्हणाली, “गजरा मात्र केला व्हता त्यांनी.” काकूला फोन करून विचारलं तर तिला शब्दन् शब्द आठवत होता. तिनं वकिली पुढे कधी पूर्ण केली नाही. आमच्या भागात ज्याला म्हणून अर्ज लिहायचा असतो तो मात्र अजून तिच्याकडेच जातो.

त्या दुपारनंतर दोन दिवस खेळ झाला नाही. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. तिसऱ्या दिवशी जेवताना, भाकरीचा तुकडा ठेच्याला लावता लावता त्यांनी आईला विचारलं, “मोगऱ्याच्या रानाचं काय करावं म्हणतेस?” आवाज असा होता, की जणू मीठ मागतायत. आई तव्यावरची भाकरी उलटत होती. असं काही विचारलं गेल्यावर काय बोलायचं असतं, याची तिला सवय नव्हती, हे तिच्या पाठीवरूनही कळत होतं. शेवटी ती म्हणाली, “सांगते.”

आणि तीन दिवस सांगितलं नाही. अण्णा दर जेवणाला वाट बघत. आई वाढायची, ताटं उचलायची, झाकपाक करायची. तिन्ही दिवस ती सकाळी लवकर उठून विहिरीखाली गेली, एकटीच, चप्पल बांधावर काढून. मी एकदा मागून गेले तर ती ओळींच्या मधून सावकाश चालत होती आणि मधे मधे टाच रोवून उभी राहत होती. मला वाटलं, निरोप घेतेय. चौथ्या दिवशी दुपारी कळ्या संपल्यावर ती हात धुऊन कॉटपाशी आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “मोगरा काढा.”

आम्ही सगळे बघतच राहिलो. अण्णाही.

“झाडं म्हातारी झाली. दोन वर्षं झाली, कळी बारकी येतीय. बुडं पोकळ झाल्यात. पण तिथं द्राक्षं नका लावू. खालच्या अंगाला पाणी धरतं. पावसाळ्यात माझा पाय घोट्यापतूर जातो तिथं. मुळ्या कुजतील. द्राक्षं वरल्या तुकड्यात घाला, माळाकडं. खाली शेवंती करू, वाफे उंच घेऊन. आन मोगऱ्याच्या नव्या कलमांना चार ओळी घराकडं सोडा.”

एवढं सलग बोलल्यावर तिला धाप लागल्यासारखं झालं. अण्णांनी विचारलं, “दोन वर्षं झाली म्हणतेस. मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही कधी विचारलं?” आई म्हणाली. त्यात राग नव्हता.

अण्णा त्या रानात रोज संध्याकाळी चक्कर मारायचे, पण बांधावरून, पायात बूट घालून. रान कुठं पाणी धरतं, ते अनवाणी चालणाऱ्या बाईला माहीत होतं. ते म्हणाले, “बरं.” मग जरा वेळानं पुन्हा, “बरं,” आणि प्लास्टरच्या आत खाजवायला ठेवलेली पट्टी घेऊन उगाचच खाजवत राहिले. त्याच आठवड्यात मीही धीर करून कॉलेजचं विचारलं. ते म्हणाले, “कारण सांग.” मी दोन दुपारी कारणं सांगितली. तिसऱ्या दिवशी हो म्हणाले. खेळ आम्ही पाऊस सुरू होईपर्यंत खेळलो आणि शंभर कुणाचेच झाले नाहीत, कारण नव्वदच्या पुढे कुणी गेलं की बाकीचे मिळून आकडा वाढवायचे.

प्लास्टर निघालं, काठी आली. पावसाळा सरल्यावर माळाकडच्या तुकड्यात मांडवाच्या खुणा करायच्या ठरल्या. तिथं नऊ वर्षं बाग चांगली आली आणि मग एका गारपिटीत बसली, पण ते पुढचं. त्या सकाळी चार गडी पहारी घेऊन आले होते. काकांनी दोरी लावली. गड्यांतला म्हाताऱ्यासारखा एक जण अण्णांना म्हणाला, “मालक, पहिला खड्डा कुठून धरायचा?”

अण्णांनी काठीवर भार देत मागं वळून पाहिलं. आई नव्हती. तिची बहीण वणीच्या देवीचं दर्शन घेऊन परतणार होती, तिला वाटेत डबा द्यायला ती हमरस्त्यावर गेली होती.

“थांबा जरा,” अण्णा म्हणाले.

ऊन चढत होतं. काका म्हणाले, “अण्णा, दोरी तर लावलीय. एक खड्डा घेऊ दे की त्यांना.” अण्णा बांधावर दगड बघून बसले, मोडलेला पाय लांब केला. गड्यांनी पहारी जमिनीला टेकवल्या, एकानं तंबाखू काढली. मी आणि पिंकी बाभळीच्या सावलीला गेलो. तासभर तरी गेला असेल. मग खालून, विहिरीच्या वाटेनं, रिकामी पिशवी हलवत आई येताना दिसली. इतकी माणसं हात बांधून का बसलीत ते तिला समजेना, म्हणून ती भरभर चालायला लागली, आणि अण्णा काठी धरून उठून उभे राहिले.